मुद्देमाल : पाच शेरी वजन एक

ती घटना आठवली की आजही माझी मूठ आवळते. मुलांनो, तुम्ही विचारता, आजी, पोलिसात असताना तुला राग यायचा का? यायचा. हा त्यातला सर्वांत जुना, आणि अजून न विझलेला.

शेर-मण जाऊन किलो आले, त्या दिवसांतली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात बाई फौजदार मी एकटी. कुठेही महिला आरोपी असली की मला पाठवत. कळंबच्या बाजूच्या एका ठाण्यात अशीच गेले. तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याने जुनी वखार विकायला काढली होती. ती रिकामी करताना निघालेले भंगार निवडायला त्याने तांड्यावरच्या बाया लावल्या. पितळ एकीकडे, बीड म्हणजे ओतीव लोखंड एकीकडे, पत्रा वेगळा. जुन्या वजनांच्या तळाशी भरलेले शिसे छिन्नीने ठोकून काढायचे, कारण शिशाला भाव वेगळा.

चौकीदाराने खबर दिली, एक बाई ओढणीत काहीतरी बांधून निघाली आहे. जमादाराने तिला तांड्याच्या वाटेवर धरले. ओढणीत पाच शेरी वजन निघाले.

तांड्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून त्यांची हजेरी घेण्याचा इंग्रजांचा कायदा केव्हाच गेला होता. जमादाराची जीभ गेली नव्हती.

"पितळ सोडून लोखंडावर हात मारला," तो हसत म्हणाला. "चोरी बी धड येत नाई इले!"

मी त्याला बाहेर पाठवले, पण त्याचा टोमणा डोक्यात अडकला. पितळाचा ढीग समोर असताना हिने बिडाचे वजन का उचलले?

"का घेतलंस?" मी विचारले.

"विकाले नाई घेतलं, बाई. हे लाल ठिपक्याचं हाय, यातलं शिसं अजून काढाचं हाय. आमचा कापूस घेताना हेच लावे तो. सरकी विकाले दुसरं, बिनठिपक्याचं."

"मग?"

"ठिपक्यावाल्यातून एवढं शिसं निघून राह्यलं." तिने मूठ दाखवली. "दुसऱ्यातून सुपारीएवढं. उद्या समदे वितळवतीन. मंग कोन मानीन आमचं? अन् मले आत टाकलं त साऱ्या तांड्याले चोर म्हनतीन. कामावर कोनी घेनार नाई."

पंचनाम्यात जमादाराने लिहिले होते, 'पाच शेरी वजन एक'. ते भरते किती, हे लिहिले नव्हते. मी पंचांसमोर किराणा दुकानातला तराजू आणि तिथली जुनी पाच शेरी मागवली. लाल ठिपक्याचे पारडे खाली गेले ते उठेना. दुसरीकडे पावशेर टाकला तेव्हा काटा मधे आला. मणामागे दोन शेर कापूस या माणसाने गिळला होता. वर्षानुवर्षे, मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसांचा.

दुसऱ्या दिवशी तो व्यापारी ठाण्यात आला. पांढरेशुभ्र धोतर, कपाळाला गंध.

"बाईसाहेब, तांड्याची मानसं. हात चालतेच त्यायचा. कोर्टात पाठवा."

"पाठवते. मुद्देमालही जाईल, वजन करून लिहिलेला." मी पंचनामा मोठ्याने वाचला.

त्याने धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाला, "जाऊ द्या. गरीब बाई हाय. माही तक्रार नाई."

तिला गरीब म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही.

ती सुटली. मी त्याच्याविरुद्ध अहवाल धाडला. वरून उत्तर आले : शेरच बाद झाले आहेत, बाकी वजने वितळली आहेत, एकट्या वजनावर कारवाई होत नाही. लगेच त्याचा माणूस ठाण्यात हजर. "शेठजीचं वजन वापस द्या म्हने."

नियमाने ते त्याचेच होते. मी निरोप दिला, "जरूर. बाजाराच्या दिवशी, ठाण्यासमोर, तोलून देऊ. पंच तांड्यावरचे असतील."

बाजाराच्या दिवशी सकाळीच तांड्यावरच्या बाया येऊन कडुनिंबाखाली बसल्या. ती पुढे होती.

"आला का बाई, तो?"

"नाही."

"येऊ दे सवडीनं. आमी बसून आहो."

तो आला नाही. पुढच्या बाजारीही नाही. बाया मात्र आल्या.

कायद्याने त्याचे काहीच वाकडे केले नाही, आणि ते मी माफ केलेले नाही. पण चोर कोण हे ठरवण्याआधी चोरीची वस्तू तोलून पाहायची, हे मी त्या ठाण्यात शिकले. माझी बदली झाली त्या दिवशीही ते वजन मुद्देमालाच्या खोलीत होते, लाल ठिपका वर करून ठेवलेले. तसे मीच ठेवले होते.