धानोऱ्यातलं बिनदारूचं लग्न

मित्रांनो, आत्ताच धानोऱ्याच्या एका लग्नातून परतलोय.

व्यसनमुक्तीवर संशोधन करताना मी या जिल्ह्यात गावोगाव बैठका घेतो. तिथं नेमानं येणाऱ्या सुनीतानं स्वतःच्या लग्नात दारू नको, अशी अट घातली होती. आज वरात आली आणि नवरदेवाचे काका बिथरले.

"दारू नही ना? मंग आम्ही परत जातस."

सुनीता पुढे आली. "काका, दारूमुये मन्हा बाप गया. मन्हा लगनमा ती नको."

नवरदेव तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काका जरा घुटमळले, मग मुकाट मांडवात बसले. लग्न झकास लागलं.

आजवर मी लोकांना दारू का पिता, हेच विचारत आलो. आता दारूला नको म्हणणाऱ्यांच्या बाजूनं कोण उभं राहतं, तेही विचारणार. तुमच्याकडे कोण उभं राहिलं?