उलट्या चौकटीचं दार

आमच्या घराला चौदा वर्षं दार नव्हतं, टिन होतं.

बडनेऱ्याजवळ, आमच्या भाजीच्या वाडीला लागून बाबांनी विटांच्या चार भिंती उभ्या केल्या, वर टिनं टाकली आणि दारापाशी येऊन ऐपत संपली. मग उरलेलं एक टिन तारेनं बांधून दाराच्या जागी लावलं. आत यायचं तर तार सोडा, टिन उचला, बाजूला ठेवा, आत शिरा, टिन परत लावा. (कुत्र्यांना एवढा त्रास नव्हता. ती खालून यायची.) टिनाला कुलूप लागत नाही, म्हणून घरी कोणी ना कोणी राखणीला राहायचंच. बाबा, माय, मी आणि धाकटी मीना असे आम्ही चौघं मिळून कधी एका लग्नालासुद्धा गेलो नव्हतो. माझ्या पदवीदानाला बाबा आले. माय टिन सांभाळत बसली. अख्ख्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि माझा तो काळा झगा मायनं पाहिला मोबाइलवर!

अकोल्याचा मामा प्रत्येक निमंत्रणाच्या शेवटी विचारायचा, "यंदा टिनापाशी कोनाचा नंबर हाय?"

त्या मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. तोवर मला अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. मी जाहीर केलं, "या लग्नाला आपण चौघंही जाणार. घराला कुलूप लावून!"

माय म्हणाली, "कुलूप कायले लावशीन? तारेले?"

"दाराला. सागवानाच्या."

वामनकाका सुतार चौकट घेऊन आले. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: चौकटीला एका अंगानं खाच असते. त्या खाचेत दार बसतं, आणि ज्या बाजूला खाच, त्या बाजूला ते उघडतं. काकांनी खाच घराच्या आत धरली. मी म्हटलं, "थांबा! खाच बाहेर पाहिजे."

काकांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात नेला. "पोरी, साऱ्या दुनियेचं दार आत उघडते."

"मग सारी दुनिया चुकते, काका! चोर दार बाहेरून ढकलतो. खाच आत असली तर सगळा जोर एकट्या कडीवर येतो. खाच बाहेर असली, तर तो जितकं ढकलेल तितकं दार चौकटीत घट्ट बसेल. साधं बलाचं गणित आहे."

काकांनी बाबांकडं पाहिलं. बाबांनी आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बीएस्सी हाय ते. मनते तसं करा."

"अन् चोरानं ढकलन्याऐवजी ओढलं त?" मीनानं विचारलं.

मीना तेव्हा बारावीत होती, त्यामुळं तिच्याकडं लक्ष द्यायचं काही कारण नव्हतं.

चौकट उलटी उभी राहिली. मायनं तिला हळद-कुंकू वाहिलं, वरच्या पट्टीला फडक्यात हळकुंड बांधलं, नारळ फोडला, आणि मिस्त्रीनं सिमेंट भरलं. चार दिवसांनी दार बसलं. झोकात बाहेर उघडलं! आणि तेव्हा दिसलं की बिजागऱ्याही बाहेरच आल्यात, स्क्रूसकट.

"वा!" मीना म्हणाली. "चोराले फक्त एक पेचकस लागते."

वामनकाका छन्नी शोधू लागले. "फिरवून टाकू चौकट. एका दिवसाचं काम."

माय दारात आडवी झाली. "पूजा झालेली चौकट उपडत नसतात! देव बसला हाय तिच्यात!"

"उलटा बसला का मंग?" बाबांनी विचारलं. त्यांना त्या संध्याकाळी भाजी मिळाली नाही. (भाजीवाल्याच्या घरात!)

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताकाकू नवं दार पाहायला आल्या. हातात दह्यानं भरलेला गंज, म्हणजे पातेलं. त्यांनी कडी वाजवली, मी आतून मोठ्या अभिमानानं दार ढकललं. धाड! काकू एकीकडं, गंज दुसरीकडं, आणि दही तिसरीकडं, म्हणजे काकूंच्या डोक्यावर. आता अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणतो? मी म्हणाले, "काकू, दार उघडायच्या कक्षेत उभं राहू नये."

काकूंनी नाक चोळलं, पदरानं दही पुसलं आणि बोलणं बंद केलं. बाबा म्हणाले, "सुनी, चुकली मनून टाक." मी म्हटलं, "चूक असती तर म्हटलं असतं."

लग्नाचा दिवस उजाडला. मायनं पहाटे उठून दारापुढं भरपूर सडा घातला. ठेवणीतलं लुगडं नेसली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. कोपऱ्यावर ऑटो उभा, बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी गाठायची. माझ्या पर्समध्ये नवं कोरं कुलूप! मी कडी काढली आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

"फुगलं का लाकूड?" माय म्हणाली.

मीनानं खिडकीच्या गजांतून मान वाकडी करून पाहिलं. "ताई, गोदी बसली हाय."

गोदी म्हणजे शेवंताकाकूंची म्हैस. मायचा ओला गार सडा तिला पसंत पडला होता आणि टेकायला सागवानाची पाठ मिळाली होती. घराला दार हे एकच. खिडक्यांना गज. (तेही मीच बसवायला लावले होते.) टिन असतं तर उचलून बाजूला ठेवलं असतं!

चौघांनी मिळून जोर लावला. गोदीला वाटलं, कोणी पाठ खाजवून देतंय. तिनं आणखी रेलून घेतलं. मी म्हणाले, "जरा थांबा, घर्षण कमी करायला पाहिजे." बाबा म्हणाले, "तू बोलनं कमी कर." कोपऱ्यावर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. बाबांनी खिडकीतून पालकाची जुडी दाखवली. गोदीनं बसल्या जागी मान लांबवली, जुडी खाल्ली आणि रवंथ करत बसली.

शेवटी माय ओरडली, "अवो शेवंताबाई! तुमच्या म्हशीले उठवा वो! गाडी चुकते आमची!"

काकू सावकाश आल्या. खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नाकावर अजून हळदीचा लेप होता.

"काहून वो सुनीबाई, तुमच्या कक्षेत बसली का आमची म्हैस?"

आजूबाजूची चार-पाच घरं बाहेर आली.

"काकू, तिला उठवा ना."

"उठवतो ना. आधी मन, मी चुकली."

मी मागं वळून पाहिलं. माय लुगड्याचा पदर सावरत उभी होती, डोळे त्या बंद दारावर. पदवीदानाच्या दिवशीही ती अशीच आत राहिली होती.

"मी चुकली," मी म्हणाले.

"ऐकू नाई आलं."

"मी चुकली, काकू! दार आतच उघडायला पाहिजे होतं! वामनकाका बरोबर, मीना बरोबर, सारी दुनिया बरोबर!"

काकूंनी नुसतं "गोदे, ऊठ वो माय" म्हटलं. गोदी उठली. एवढंच!

बाबांनी कुलूप स्वतः लावलं. तीनदा ओढून पाहिलं. ऑटोत बसून पुन्हा उतरले, चौथ्यांदा ओढून पाहिलं. गाडी मिळाली. मांडवात मामानं आम्हाला मोजलं, एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजलं. मग मायचा हात धरला आणि म्हणाला, "जेवून घ्या."

संध्याकाळी परतलो तर कुलूप जसंच्या तसं होतं. आमचं घर पहिल्यांदा दिवसभर बंद राहिलं, आणि आम्ही चौघं पहिल्यांदा एका मांडवात एका पंगतीला जेवलो. हे झालं.

बाबांनी किल्ली काढली. दाराला टेकून गोदी बसली होती.

तिघांनी माझ्याकडं पाहिलं. मी घसा साफ केला आणि शेजारच्या अंगणाकडं तोंड करून ओरडले, "काकू! मी चुकली वो!"