अल्टरनेटरवरचा लाल ठिपका

आमची गाडी सतरा वर्षांची. ती घेताना शोरूममध्ये पप्पांसोबत काका गेले होते. काका नात्याने आमचे कुणी नाहीत. डिलाईल रोडच्या चाळीत पप्पांच्या शेजारच्या खोलीत वाढलेले, गिरणी बंद पडल्यावर मेकॅनिक झालेले. कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या भिंतीला लागून त्यांचं गॅरेज आहे. पप्पांनी इतक्या वर्षांत एकदाही बॉनेटखाली वाकून पाहिलं नाही. काका म्हणतील तो पार्ट, म्हणतील तेव्हा बदलायचा. एवढा भोळेपणा बरा नव्हे, असं मी घरात ऐकवायचे. मग पप्पांचे गुडघे गेले, गाडी माझ्या हातात आली आणि मी ठरवलं की आता हे चालणार नाही.

त्या वर्षी रेडिएटरचा पाइप, फॅन बेल्ट, प्लग असं एकामागून एक निघतच होतं. त्यात डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागला. काका फोनवर म्हणाले, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेलाय, दुरुस्त करून फार दिवस टिकायचा नाही, नवीनच टाकू. ऑफिसात हे सांगितलं तर बाजूच्या टेबलावरची मैत्रीण हसलीच. म्हणाली, गॅरेजवाले काही बदलत नाहीत; तोच पुसून बसवतात आणि भलत्याच गाडीचा जुना पार्ट तुझा म्हणून दाखवतात. आधी खूण करून ठेव.

मला ते लगेच पटलं, याचीच लाज वाटते. ज्यांनी मला गाडी शिकवली, पप्पा तापाने फणफणत असताना बारावीच्या पेपरला सोडलं, त्यांच्याबद्दल हे पटायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गाडी गॅरेजला नेण्याआधी मी मोबाइलवर व्हिडिओ बघून अल्टरनेटर शोधून काढला आणि त्याच्या मागच्या अंगाला नेलपेंटचा लाल ठिपका दिला. स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

संध्याकाळी गाडी आणायला पप्पांना घेऊन टॅक्सीने गेले. पप्पा बाकावर बसले, चहा आला. काकांनी जुना अल्टरनेटर वर्तमानपत्राच्या कागदावर आणून ठेवला. जुना पार्ट ते दर वेळी असाच आणून दाखवायचे. आम्हीच कधी नीट पाहिला नव्हता. माझा ठिपका वर आलेला दिसत होता; पार्ट आमच्याच गाडीचा होता.

"हे लाल काय रे?" पप्पांनी विचारलं.

काकांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. नखांवर तोच रंग होता. मी मुठी मिटल्या. ते एक शब्द बोलले असते तर पप्पांची मान खाली गेली असती आणि लहानपणापासूनची मैत्री माझ्या दीडशहाणपणापायी नासली असती.

"कंपनीचा मार्क असतो," काका म्हणाले आणि त्यांनी चहाचा ग्लास उचलला.

पप्पांनी मान डोलावली. मला दोघांकडेही बघवेना. परतताना पप्पा गाडीचा आवाज किती छान झालाय ते सांगत होते आणि मी नुसती हं हं करत होते.

दोन दिवसांनी एकटीच गेले. मनात बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून "काका, चुकलं माझं" एवढंच निघालं. ते एका टॅक्सीचा एअर फिल्टर झटकत होते. बराच वेळ झटकत राहिले.

"खूण करायची होती तर माझ्यासमोर करायची गो बाय," ते म्हणाले. "मीच जागा दाखवली असती."

रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी पोचल्याशिवाय ते आमच्या गाडीचं बॉनेट उघडत नाहीत. साधं ऑइल बदलायचं असलं तरी मला शेजारी उभं करतात. हा काढला, हा घातला, असं बोटाने दाखवतात आणि मी हो म्हटल्यावरच पुढचा पाना उचलतात. टोमणा नाही, कुरकूर नाही. काका, याची काही गरज नाही, असं मी कितीदा म्हटलं. ते म्हणतात, असू दे.

परवा पप्पांनी विचारलं, हल्ली गॅरेजमध्ये एवढा वेळ काय करतेस? मी म्हटलं, काम शिकतेय. त्यांना कोण आनंद झाला.

"शीक," ते म्हणाले. "त्याने आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला जवळ उभं राहू दिलं नाही. तुझ्यावर जीव आहे त्याचा."