मायवोरच्या स्वयंपाकघरातला ओटा

मायवोर हेगक्विस्टकडे कॉफीला कुणी आलं की ती त्यांना थेट बैठकीच्या खोलीत नेऊन बसवायची. स्वयंपाकघरात चांगलं टेबल होतं, खिडकीत फुलांच्या कुंड्या होत्या, ऊनही तिथंच यायचं. तरी कपबश्या ट्रेमधून बाहेर यायच्या आणि कुणी मदतीला उठलंच तर मायवोर स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. वस्तीतल्या बायका तिला शिष्ट म्हणत. खरं कारण वेगळं होतं. तिचा ओटा सडला होता.

उप्सालाच्या दक्षिणेकडच्या त्या तीन मजली इमारती बांधल्या तेव्हाच तो ओटा बसवलेला. वर फिकट करडा सनमायका, आत दाबलेला लाकडाचा भुसा. मायवोर नवऱ्याबरोबर तिथं भाड्यानं राहायला आली तेव्हाही तो जुनाच होता. पुढे नवरा गेला. मुलगा येर्केर नोकरीसाठी दूर उत्तरेला लुलेओला गेला. दातांच्या दवाखान्यातली, येणाऱ्यांना वेळा देण्याची तिची नोकरी संपली आणि पेन्शन सुरू झाली. ओटा मात्र होता तिथंच राहिला. सिंकच्या कडेनं पाणी मुरत गेलं, आतला भुसा फुगला, सनमायका सुटला. मायवोरनं वर संगमरवरासारखा दिसणारा चिकट प्लास्टिकचा कागद लावला. त्याच्या कडा उचलल्या की त्यावर दुसरा. दुरून पाहिलं तर ओटा झकास दिसे. हात टेकला की मात्र ओली गादी दाबल्यासारखं वाटे.

घरमालक कंपनीला कळवलं असतं तर माणूस आला असता, यात शंका नव्हती. भीती त्याच्या येण्याचीच होती. शेजारच्या जिन्यावर राहणाऱ्या बेरितनं गळक्या नळाची तक्रार केली, तर कंपनीनं नळाबरोबर अख्खं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पाइप, सगळंच नवं करून दिलं. भाडं दीडपट झालं आणि सहा महिन्यांत बेरित सामान आवरून लेकीच्या गावी गेली. अशा मोठ्या दुरुस्तीला भाडेकरूची संमती लागते हे खरं. पण नाही म्हटलं तर प्रकरण भाड्याचे तंटे सोडवणाऱ्या मंडळापुढे जातं, आणि तिथं सडका ओटा दाखवला गेला की नाही म्हणणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लागतं.

घर बदलायचं म्हटलं तर त्याचीही वाट बंद होती. या गावात भाड्याचं घर रांगेनं मिळतं. पोरं अठराची झाली की आईबाप आधी त्यांचं नाव रांगेत घालतात. दरवर्षी किरकोळ वर्गणी भरायची, की जागा शाबूत. मायवोरनं ती वर्षानुवर्षं न चुकता भरली होती. पण वर्गणीची आठवण यायची ती दवाखान्याच्या ईमेलवर. ती निवृत्त झाली, तो पत्ता बंद झाला, आठवण कुठंतरी हवेत विरली आणि वर्गणी चुकली. रांगेतली सारी वर्षं एका फटक्यात पुसली गेली. आता शेवटी उभं राहायचं आणि नंबर येईपर्यंत जगायचं. इथं बाई एखादवेळी नवऱ्याचं लफडं सांगेल, पण रांगेतली जागा घालवली हे नाही सांगणार. मायवोरनंही ते फक्त वरच्या मजल्यावरच्या तुलिक्कीला सांगितलं होतं. मुलालासुद्धा नाही.

ईस्टरला येर्केर आला. टेबलावर सणाच्या रिवाजाप्रमाणे रंगीत पिसं बांधलेल्या बर्च झाडाच्या डहाळ्या होत्या, बटाटे उकळत होते. हेरिंग माशांची बरणी उघडायला जोर लावताना त्यानं डावा हात सिंकशेजारी टेकवला, आणि हात ओट्यात रुतला.

"आई, हे काय आहे?"

"ओटा आहे."

"हा ओटा नाही, ही दलदल आहे! उद्या यात बेडूक निघतील."

"हळू बोल. जिन्यात ऐकू जातं."

"जाऊ दे की! दर महिन्याला भाडं मोजतेस ना? मग कळव त्यांना. हक्क आहे तुझा."

"हक्क आहे ते माहीत आहे मला. तू अंडी सोल."

"बाबा असते तर असं चालवून घेतलं असतं का गं?"

"बाबांनी वर तिसरा कागद लावला असता. सोल अंडी."

त्याला सगळं सांगून टाकायची तीच वेळ होती. पण मग रांगेचंही सांगावं लागलं असतं. बिलं वेळेवर भर म्हणून त्याच्या मागे जन्मभर लागलेली तीच. "सणाला वाद नको," एवढंच ती म्हणाली. येर्केरला वाटलं, आई भिडस्त आहे, कुणाला त्रास द्यायला नको म्हणून गप्प बसते. आपणच काहीतरी करायला हवं.

परतीच्या गाडीतून त्यानं कंपनीकडे तक्रार नोंदवली, सोबत गुपचूप काढलेला फोटोही जोडला. मग आईला निरोप पाठवला: "काम फत्ते. ते येतील. रागावू नकोस. तुला नवा ओटा मिळालाच पाहिजे."

मायवोर फोन तसाच हातात धरून तुलिक्कीकडे गेली. तुलिक्की मूळची फिनलंडची, तरुणपणी कारखान्यात कामाला म्हणून आलेली आणि इथलीच झालेली. तिनं निरोप वाचला आणि आधी कॉफी ओतली.

"चांगला मुलगा आहे गं तुझा," ती म्हणाली. "वाईट असता तर विसरून तरी गेला असता."

"तक्रार मागे घेता येईल?"

"फोटो गेलाय ना? मग नाही. ऐक. त्या माणसाला सांग, ओटा मीच बिघडवला. भाडेकरूनं नुकसान केलं तर कंपनी तेवढंच बदलते आणि बिल भाडेकरूच्या माथी मारते. मोठ्या दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही."

"म्हणजे खोटं बोलू?"

"स्वतःविरुद्धच बोलायचंय. त्याला कसलं पाप?"

कंपनीचा माणूस आला. हाम्पुस त्याचं नाव. त्यानं दारातच बूट काढले आणि लोकरीच्या जाड मोज्यांनी आत आला. मायवोरनं त्याला खुर्ची दिली आणि तो बसायच्या आत सुरुवात केली.

"हे सगळं मी केलंय. गरम भांडी ठेवली. पाणी सांडलं, पुसलं नाही. निव्वळ हलगर्जीपणा. एवढा ओटा बदला आणि बिल माझ्या नावानं पाठवा."

हाम्पुसनं प्लास्टिकच्या कागदाचा कोपरा उचलून पाहिला. खाली दुसरा कागद, त्याच्याखाली तिसरा.

"मायवोर, या कामात मी 'आम्ही नाही केलं' म्हणणारीच माणसं पाहिली. तुम्ही पहिल्याच. पण तुम्ही तो कुऱ्हाडीनं फोडला असतात ना, तरी तुमच्याकडून काही घेता आलं नसतं. वस्तूचा दरवर्षी घसारा धरतात. या ओट्याची किंमत कधीच शून्य झाली. शून्याची भरपाई कशी मागणार?"

"मागा. मी देते."

"नियमात बसत नाही हो."

तो गुडघ्यांवर बसला, सिंकखालचं कपाट उघडलं आणि ओल मोजायचं छोटं यंत्र मागच्या भिंतीला लावलं. यंत्र किरकिरलं. त्यानं ते आणखी खाली लावलं. तिथंही किरकिरलं.

"पाणी भिंतीत गेलंय. पाइपही बांधकामाच्या वेळचे. हे सगळं काढावं लागेल."

"पाहिलंच नाही असं समजा ना."

"तुमच्या खाली माणसं राहतात, मायवोर." हे त्यानं अगदी हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हटलं.

तो उर्मट असता तर बरं झालं असतं. उर्मट माणसाशी भांडता तरी येतं. हा गुडघ्यांवर बसून तिच्या भांडी घासायच्या साबणाच्या बाटल्या पुन्हा होत्या तशा ओळीत लावत होता.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मंडळाकडे जाईल. तुमचा हक्क आहे."

महिनाभरात दुसऱ्यांदा तिनं तो शब्द ऐकला. हाम्पुसनं पिशवीतून ओट्याच्या नमुन्याचे तीन तुकडे काढून टेबलावर मांडले. रंग मात्र भाडेकरूनं निवडायचा, असा कंपनीचा रिवाज होता. मायवोर निवडणार नव्हती. पण हात आपोआप बर्चच्या लाकडासारख्या तुकड्यावर गेला आणि तो गुळगुळीत, कोरडा, टणक तुकडा तिला आवडला. याचीच तिला फार लाज वाटली. मग तिनं सही केली.

उन्हाळाभर भिंती उघड्या होत्या. मायवोर बैठकीच्या खोलीत विजेच्या शेगडीवर रांधत होती. ऑगस्टमध्ये काम संपलं, आणि भाडं बेरितच्याइतकंच झालं. पेन्शनीत ते बसेना. त्याच सुमारास विद्यापीठात शिकायला आलेली मुलं खोल्यांसाठी गावभर वणवण करत होती. मायवोरनं कंपनीला कळवून झोपायची खोली त्यांच्यातल्याच तीराला भाड्यानं दिली. दूर उत्तरेकडच्या किरुना गावची मुलगी, शांत, नीटनेटकी. मायवोरनं आपली गादी बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर आणली. घर राहिलं. पण आता ती नळ उघडण्याआधी कान देऊन ऐकायची, आत कुणी आहे का. तीराच्या डब्यांना धक्का लागू नये म्हणून स्वतःचा चहाचा डबा खिडकीत ठेवायची. तीरानं कधी काही म्हटलं नव्हतं. तीरा तर "मायवोर, माझं झालं हं, या तुम्ही," असं रोज सांगायची. आपल्याच स्वयंपाकघरात यायला कुणीतरी रोज परवानगी द्यायचं.

नोव्हेंबरात येर्केरचा फोन आला.

"नाताळला येतोय. आणि आई, अजून ओट्याचा फोटो पाठवला नाहीस! आत्ता काढ बघू."

"थोड्या वेळानं. आत माणूस आहे."

"कोण माणूस?"

मायवोर सोफ्याच्या कडेवर बसली. मग तिनं सांगितलं. तीराचं, भाड्याचं, बेरितचं आणि सगळ्यात शेवटी रांगेचं.

"मला सांगितलं असतंस तर मी ती तक्रार केलीच नसती."

"माहीत आहे."

"मी दर महिन्याला थोडे पैसे पाठवतो."

"तुझ्या घराचे हप्ते आहेत. नको."

"मग करायचं काय?"

"आता काही करायचं नाही," मायवोर म्हणाली. "तीरा नाताळात घरी जात नाही, सणाचं तिकीट महाग पडतं. तू फेब्रुवारीत ये. तेव्हा ती आठवडाभर घरी जाते. तेव्हा झोपायला जागा आहे."