मामाला गेलेलं बुकिंगचं पत्र

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयासाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. आम्ही म्हणजे मॅडम आणि मी. कंपनी मॅडमची, कोड माझा. हॉल बुक झाला की ग्राहकाला आपोआप ईमेल जायला हवा होता. तो जातो का हे बघायला मी मैंदर्गीच्या मामाचा ईमेल पत्ता घातला. पीकविम्याच्या अर्जासाठी तो मीच काढून दिला होता आणि मामा मेल कधी उघडणार नाही, याची मला खात्री होती.

वराच्या रकान्यात माझं नाव टाकलं. वधूच्या रकान्यात काय टाकावं सुचेना, म्हणून 'कखग' लिहिलं आणि बटण दाबलं.

तासाभरात मामाचा फोन. "लगीन ठरलं आन मामाला मोबाइलवर कळवतूस व्हय रं?"

"मामा, ते खोटं आहे. टेस्टिंग चाललंय."

"खोटं कसं? तारीख हाय, हॉल हाय, तुजं नाव हाय!" मामानं फोन ठेवला.

मॅडमनी आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाल्या, "टेस्ट मेल सर्व्हर लावा म्हणून पंधरा दिवस सांगतेय की तुम्हाला."

त्याच दुपारी लावायला घेतला. हा सर्व्हर आपल्याच कॉम्प्युटरवर बसतो. सॉफ्टवेअरला वाटतं मेल गेला, पण सर्व्हर तो मधेच अडवतो आणि एका पानावर दाखवतो. बाहेर कुणालाच काही जात नाही. पंधरा मिनिटांचं काम. मला दोन तास लागले, कारण पान कोरंच राहत होतं. सेटिंगमधले दोन आकडे मी उलटे लिहिले होते. जाता जाता मॅडमनीच ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एसटीनं थेट ऑफिसात. मी त्याला पानावर अडकलेली पत्रं दाखवली. चष्मा लावून त्यानं सगळी वाचली.

"म्हंजी ही कुणालाच जात न्हाईत?"

"नाही."

"मग ह्योच आदी बसवायचा की!"

"मी तेच म्हणते, मामा," मॅडम आपल्या टेबलावरून म्हणाल्या.

पण मामाची अडचण वेगळीच होती. मामीनं गावभर सांगून टाकलं होतं आणि माझ्यासाठी बघून ठेवलेल्या स्थळाची माणसं नाराज झाली होती. "आता रद्द झाल्याचं पत्र दे. दाखवाया पायजे."

बुकिंग रद्द झालं की जाणारं पत्रही मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. ते नव्या सर्व्हरवर पाठवून पानावर दाखवलं. "हितं नगं, माज्या फोनवर!" मॅडमनी मान डोलावली. सेटिंग तेवढ्यापुरतं बदलून मी पत्र खरंच पाठवलं. मामाच्या खिशात फोन वाजला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "आपले आरक्षण रद्द झाले आहे. नवदाम्पत्यास हार्दिक शुभेच्छा."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत मामा म्हणाला, "मोडलं, तर शुभेच्छा कुणाला रं?"

शेवटची ओळ आधीच्या पत्रातून तशीच चिकटवली होती. मॅडम उठून बाहेर गेल्या; त्यांचं हसू जिन्यातून ऐकू येत होतं. मी ओळ काढून पत्र पुन्हा पाठवलं. मामानं ते दोनदा तपासलं. मग पिशवीतून मामीनं होणाऱ्या भाचेसुनेला धाडलेला खण काढला, जरा न्याहाळला आणि घडी न मोडता परत ठेवला.

"लई भारी हाय," तो म्हणाला. "खरी सून येईस्तोवर ऱ्हाऊ दे माज्याकडंच."