खिरणीवाल्यांचं दार

भागवत सर लातुरात वनस्पतिशास्त्र शिकवत. पहाटेची बॅच, दुपारची बॅच, रविवारी सराव परीक्षा. घसा बसला तरी सुट्टी नाही. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना खिरणी, भोकर, रायआवळा यांची लॅटिन नावं तोंडपाठ, पण झाड एकानंही पाहिलेलं नाही. पूर्वी सरांना याचा राग यायचा. आता रागावण्याइतकाही दम उरला नव्हता, ते पुढचं पान उलटत.

त्यांच्या जुन्या गावात मात्र झाडं म्हणजे पत्ते होते. सरांच्या दारात खिरणी, म्हणून हे खिरणीवाले. शेजारचा विरूपाक्ष भोकरवाला. भूकंपात गाव भुईसपाट झालं, मलबा उचलला गेला, वस्ती दुसरीकडे हलली. कुणाचं घर कुठं होतं ते सांगायला झाडंच उरली. म्हणून दर वर्षी भूकंपाच्या दिवशी जो तो गेलेल्या माणसांसाठी आपल्या झाडाखाली नैवेद्य ठेवतो. भूकंपाच्या पहाटे सर शिकायला लातूरच्या वसतिगृहात होते. आई ढिगाऱ्याखाली गेली, थोरली बहीण केवळाबाई, सरांची अक्का, तेवढी जिवंत निघाली.

यंदा काचबिंदूनं अक्काची नजर पुरती गेली होती. सरांचा हात धरूनच ती आली. सर बघतात तो खिरणी नाही. कुणीतरी बुडापासून तोडून नेलेली. आता हे सांगायचं, मग तिचं रडणं, मग समजूत घालणं, आणि दुपारी पुन्हा बॅच. त्यांना नकोच झालं. त्यांनी तिला शेजारच्या झाडाखाली नेऊन उभं केलं.

"आली बघ खिरणी, अक्का."

अक्कानं एक पान तोडून चोळलं. खिरणीचं पान गुळगुळीत असतं, तोडलं की चीक येतो. हे खरबरीत, कोरडं होतं.

"भोकर हाय हे. खिरणी तोडली व्हय रे?"

"व्हय." सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग तसं सांगावं की. भोकर म्हंजे विरूपाक्षाचं दार. सकाळचं ऊन पाठीवर घेतलं की आपलं डाव्या हाताला."

ती चाचपडत निघाली. पायाला खुंट लागला तशी थांबली, खाली बसली आणि तिथं नैवेद्य ठेवला.

"तू बी बस. तुझ्या आवाजावरून कळतंय, लई थकलास. आई असती तर तिनं आधी तुलाच वाढलं असतं."

दर वर्षी सर उभ्या उभ्या हात जोडून निघायचे. आज ते आईच्या दारात बसले, आणि बॅचची वेळ झाली तरी उठले नाहीत.