तोंडी परीक्षेत वारलेले वडील

मराठीतून मला कुणी फसवून दाखवावं! समोरच्याने तोंड उघडलं की थाप कुठे वळण घेणार ते मला आधीच कळतं, कारण त्या वळणावरून मी स्वतः कैकदा गेलोय. पण इंग्रजीतून मला बीड जिल्ह्यातल्या कुणीही, कधीही गंडवलंय. असले किस्से इतके साचलेत की चार माणसं बसली की एखादा आपोआप सांडतोच.

खुल्या अर्थव्यवस्थेचे ते दिवस. गावात एसटीडी बूथ झाले, केबल आली, आणि आता परदेशी कंपन्या थेट बीडच्या बसस्टँडवर उतरणार अशी सगळ्यांची खात्री झाली. मी लगेच इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढला! माझं स्वतःचं इंग्रजी रेडिओवरच्या क्रिकेट कॉमेंट्रीवर पोसलेलं. खेळ सोडून दुसरं काही बोलायची वेळ आली की अडचण.

जागा शिवअप्पा अण्णांच्या कापड दुकानाच्या माडीवर. त्यांची मंगल माझ्याच क्लासला. तिला अंबाजोगाईला कॉलेजात जायचं होतं आणि लोक काय म्हणतील म्हणून अण्णा सोडत नव्हते. मी शब्द टाकला तर म्हणाले, "मास्तर, तुमी तर समद्यांनाच पास करता. बाहेरचा परीक्षक आना. त्यो पास म्हनला तर बघू. न्हाईतर पोरगी घरीच बरी."

बाहेरचा माणूस आला की मंगलच्या आधी मीच नापास होणार! म्हणून मी तो विषय दोन बॅचा लांबवला. परीक्षा मीच घेत राहिलो, आणि फसत राहिलो.

*

चौसाळ्याच्या वैजनाथला तोंडी परीक्षेत विचारलं, "व्हॉट इज युवर फादर?"

तो मान खाली घालून म्हणाला, "माय फादर इज डेड, सर. लास्ट वीक."

मी पुढचा प्रश्न गिळला. दहापैकी नऊ मार्क दिले. रविवारी एसटीने चौसाळ्याला गेलो, चेहरा पाडून. दार उघडलं ते वडिलांनीच!

"या मास्तर! कावून येनं केलं?"

कावून ते काय सांगणार? "इकडून चाललो होतो," म्हणालो आणि मयताच्या हातचा चहा पिऊन परत आलो.

वैजनाथला धरलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, वडील आडतीवर मापाडी हायत. ते इंग्रजीत कसं सांगू? वारले म्हनलं की कुनी पुढचा प्रश्न विचारत न्हाई."

"आणि ते नऊ मार्क?"

"ते तुमी दिले, सर."

*

ही युक्ती फुटली. पुढच्या बॅचला अकरा पोरांचे वडील एकाच आठवड्यात गेले! मी फळ्यावर लिहिलं, 'या परीक्षेत कुणाचाही नातेवाईक मरणार नाही.'

तर सगळ्यांच्या वडिलांना एकदम दुबईला नोकरी लागली!

*

ऑटो चालवणारा शकील छंद सांगताना म्हणाला, "स्विमिंग, सर." महिना मे. गावात नळाला आठ दिवसांनी पाणी. तरी मी विचारलं, "व्हेअर डू यू स्विम?"

"एव्हरीव्हेअर, सर!"

इतकं खणखणीत उत्तर ऐकून मी 'फ्लुएंट' असा शेरा मारला. नंतर त्याने कबूल केलं, "गाना म्हनलं असतं तर तुमी गाऊन दाखव म्हनले असते. माडीवर पोहून दाखव कोन म्हनतंय?"

*

शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचो, "हाऊ वॉज द क्लास?" सगळे म्हणायचे, "एक्सलंट, सर!" एवढ्या एकाच उत्तरावर मला कधी शंका आली नाही.

एकदा जिन्यात दोघांचं बोलणं कानावर आलं.

"सगळ्यांनी एक्सलंटच कावून म्हनलं बे?"

"सरांना तेवढंच समजतंय!"

*

शेवटी अण्णांनी निर्वाणीचं सांगितलं. "या बॅचला परीक्षक न्हाई आला तर मंगलचं नाव क्लासातनं काढतो." मंगल माझ्याशी बोलेना. मग अंबाजोगाईहून एक डॉक्टर आणले. केरळकडचे, मराठी अजिबात नाही. अण्णा स्वतः माडीवर येऊन बसले. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, म्हणून मी शेजारी बसून कानात मराठी करणार होतो.

डॉक्टरांनी मंगलला इंग्रजीत विचारलं, तुझ्या शिक्षणाबद्दल वडील काय म्हणतात?

मी अण्णांना सांगितलं, "विचारतात, दुकानात काय काय मिळतं?"

मंगलने एकदा अण्णांकडे पाहिलं आणि ती सुटली. काय इंग्रजी! माझ्या क्लासमधलं नव्हतंच ते. माझे वडील लोकांच्या बोलण्याला भीत नाहीत, म्हणाली. ते म्हणतात, मंगल, तू जा, शीक, मी दर रविवारी तुला भेटायला येईन. बोलता बोलता ती डोळे पुसायला लागली.

"काय म्हनती?" अण्णा.

"पॉपलीन, टेरिकॉट, धोतरजोडी..."

"मंग रडती कावून?"

"साड्यांवर आलीय, अण्णा. लई प्रकार हायत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. अण्णांकडे वळून म्हणाले, "इज इट ट्रू, सर? एव्हरी संडे?"

मी घाईने तोंड उघडलं, "विचारतात, रविवारी दुकान..."

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वन मिनिट, मास्तर."

मग डॉक्टरांकडे बघून म्हणाले, "येस, डॉक्टर. एव्हरी संडे." आणि उठून, धोतराचा सोगा सावरत, जिना उतरून दुकानात निघून गेले.